फुली कशावर?

जुनं लुंका, डावा काठ
१९ नोव्हेंबर १९९५

चि. दोमनिका हिस,
मोठ्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ब्रेडची गाडी घेऊन परवान्यावर पुलापलीकडे ये-जा करणाऱ्या साव्वाने तू पाठवलेली लग्नपत्रिका आणून दिली. तुझ्या नातीचं, अनेताचं लग्न ठरलं म्हणून आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. सप्टेंबरात तू लिहिलं होतंस की मुलाचं नाव पाहोम, ट्रॅक्टर चालवतो, दारू बेताने पितो. पत्रिकेवर मात्र नवऱ्याचं नाव ‘रानोम’ छापलंय. हा रानोम कोण? पाहोमचं काय झालं? काही वाईट घडलं असेल तर माझ्यापासून लपवू नकोस. मी चारच यत्ता शिकलोय, पण अक्षरं मला वाचता येतात.

दुसरी काळजी याहून मोठी आहे. तुमच्या काठापासून फुटून निघालेल्या आमच्या प्रजासत्ताकाने स्वतःची घटना लिहिली आहे आणि २४ डिसेंबरला त्यावर सगळ्यांचं मत घेणार आहेत. आता तू म्हणशील, तुला काय त्याचं? अगं, घटना झाली की देश पक्का होतो. देश पक्का झाला की पुलावरची चौकी पक्की होते. साडेतीन वर्षांपूर्वी त्या पुलावर गोळ्या चालल्या, तेव्हापासून मी तो ओलांडलेला नाही. माझ्याकडे आहे तो लाल पासपोर्ट. ज्या देशाचा आहे तो देशच चार वर्षांपूर्वी बंद पडला. मग २८ जानेवारीला लग्नाला येऊ कसा?

म्हणून मी ठरवलंय की ‘नाही’ म्हणायचं. अख्खं गाव ‘हो’ म्हणणार आहे, तेव्हा हे कुणाला कळता कामा नये. पत्र वाचून चुलीत घाल. लोभ मात्र चुलीत घालू नकोस.

तुझा,
त्रिफान


नवं लुंका, उजवा काठ
२८ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
दोमनिकाचा सा. न. वि. वि.

पत्र चुलीत घातलं, पण आधी सगळ्या घराला वाचून दाखवलं. रानोमवर पाहोम स्वतः इतका हसला की बाकावरून पडला. अरे दादा, आमच्या काठाने रशियन अक्षरं सोडून रोमन घेतली त्याला सहा वर्षं झाली! तुझ्या शाळेत ज्याला ‘र’ म्हणत, तो आमचा ‘प’. तुझा ‘न’ तो आमचा ‘ह’. मुलगा तोच, ट्रॅक्टर तोच. दारूचं तेवढं मी आजीच्या मायेने लिहिलं होतं.

आता कामाचं. अनेताचा बाप गेल्यापासून त्या जागी तूच आहेस. घर सोडताना नवरानवरी चटईवर गुडघे टेकतात, तेव्हा त्यांच्या वतीने सगळ्यांची क्षमा कोण मागणार? आपल्या घरात ते क्षमेचं बोलणं तुझ्याशिवाय कुणाला येतं? निकानोर मामा म्हणाले, मी म्हणतो. त्यांना दात नाहीत. गेल्या लग्नात ‘क्षमा’ म्हणताना त्यांनी नवरीच्या आईला पार भिजवलं. अनेता म्हणते, मोठे आजोबा आले नाहीत तर मी गुडघे टेकणार नाही, लग्न ईस्टरनंतर करा. पाहोम त्यावर बाहेर जाऊन उगाचच लाकडं फोडत राहिला. तेव्हा दादा, काहीही करून ये. तिसरी ओळ तू नेहमीसारखी विसरशील, ती मी नेहमीसारखी चुलीमागून सांगेन.

आणि एका माणसाच्या ‘नाही’ने देश थांबतो असं वाटत असेल तर थोडा मधाचा काढा घे. सगळ्यांचा नमस्कार. लोभ भरपूर आहे, घाबरणं तेवढं कमी करावं.

तुझी,
दोमनिका


जुनं लुंका
१७ डिसेंबर १९९५

चि. दोमनिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ‘नाही’ म्हणायचं गुपचूप ठरवलं आणि त्यांनी मलाच मतदानाच्या समितीत घेतलं. कारण काय, तर सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते. शिवाय आजाऱ्यांच्या घरी जी लाल कापडाची फिरती पेटी न्यायची असते, ती अडतीस वर्षं मीच नेतो. तेव्हाच्या मतदानात एकच नाव असायचं आणि कुणी काही खोडायचं नाही, म्हणून काम सोपं होतं.

समितीच्या अध्यक्ष गालिना प्रोकोपिएव्हना. शाळेच्या मोठ्या बाई, त्यांना तू ओळखतेस. त्यांच्या एका भुवईने वर्ग गप्प होतो. काल त्यांनी आम्हाला नवी सूचना समजावली. मतपत्रिकेवर प्रश्न आहे, ही घटना तुम्हाला मान्य आहे का. खाली ‘हो’ आणि ‘नाही’, आणि प्रत्येकापुढे एक चौकट. बाई तासभर फुलीबद्दल काहीतरी सांगत होत्या. माझं सगळं लक्ष मागच्या टेबलाकडे होतं. मतदानाच्या दिवशी तिथे फराळाचं दुकान लागणार आहे आणि तालुक्याहून संत्री आली आहेत. खरी, पिवळी संत्री! बाईंनी विचारलं, त्रिफान इओनोविच, समजलं का. मी म्हणालो, बाई, अडतीस वर्षं पेटी वाहतोय, मला फुली शिकवता? त्या म्हणाल्या, शिकवायलाच हवी. मी त्यांचं मनावर घेतलं नाही.

फुली म्हणजे काय हे लहान पोराला कळतं. नको असेल त्यावर मारायची. वहीत चुकीच्या गणितावर मारतात, शेतावरच्या यादीत काढून टाकलेल्या माणसाच्या नावावर मारतात. मला नको आहे ‘हो’. मी त्यावर फुली मारीन, घडी घालीन आणि माझ्याच पेटीत टाकीन. कोण ओळखणार?

दारासमोरून कुणी गेलं तरी वाटतं, कळलं यांना. तब्येत जप, लोभ राहू दे, आणि हेही पत्र चुलीत. आधी वाचून दाखवू नकोस.

तुझा,
त्रिफान


जुनं लुंका
२७ डिसेंबर १९९५

चि. दोमनिका हिस,
आशीर्वाद. वि. वि.

बसून वाच.

रविवारी सकाळी मी पेटी घेऊन निघालो. अकरा घरं. पहिलं घर येवदोकियाचं. वय एक्याण्णव, पाय निकामी, पण मत द्यायचं म्हणून नवऱ्याची सगळी पदकं छातीला लावून पलंगावर ताठ बसली होती. तिने विचारलं, त्रिफान, फुली कशावर? मी म्हणालो, नियम जुनाच, नको असेल त्यावर. ती म्हणाली, घटना तर मला पाहिजे, नवरा असता तर त्यालाही पाहिजे असती. आणि तिने ‘नाही’वर अशी फुली मारली की कागद फाटता फाटता राहिला. पुढच्या दहा घरांत तेच झालं. सगळ्यांना घटना हवी होती. सगळ्यांनी ‘नाही’ खोडलं आणि प्रत्येकाने मला एक एक पेला पाजला. नाताळआधीचा उपास होता, पण वाइन उपासाला चालते. शेवटच्या घराच्या अंगणात मी माझ्या कागदावरचं ‘हो’ खोडलं आणि पेटीत टाकलं. इतका हलका झालो की पेटी मला नेत होती की मी पेटीला, हे कळेना.

संध्याकाळी मोजणी झाली. सभागृहातल्या मोठ्या पेटीत ‘हो’, ‘हो’, ‘हो’. मग माझी पेटी उघडली. बाईंनी एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, चष्मा पुसला. मग सगळे कागद टेबलावर मांडले. अकरा ‘नाही’ आणि एक ‘हो’.

अगं, नव्या सूचनेत फुली म्हणजे खोडणं नाही! जे हवं असेल त्याच्या चौकटीत मारायची! बाई तासभर तेच सांगत होत्या.

बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. म्हणाल्या, इओनोविच, माझ्या म्हाताऱ्यांना काय केलंत? येवदोकिया ‘नाही’ म्हणते? पदकं लावून ‘नाही’ म्हणते? माझी पाचावर धारण बसली. गप्प राहावं तर अकरा बिचारी माणसं देशाच्या विरोधात गेली. खरं सांगावं, तर सगळं उलटं वाचायचं ठरणार. मग अकरांचं ‘हो’ होणार आणि उरलेलं एकुलतं एक ‘नाही’ कुणाचं, हे साव्वाच्या घोड्यालाही कळेल.

शेवटी येवदोकियाची पदकं डोळ्यांसमोर आली आणि मी बोललो. बाई, खोडायला मीच सांगितलं त्यांना, जुन्या सवयीने. बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी तो एक ‘हो’ उचलला. मग विचारलं, मग हा एक कागद कुणाचा? मी म्हणालो, माझा. बाईंनी मला पुढे बोलूच दिलं नाही. उठून माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, एकतीस वर्षं या गावात शिकवतेय, इओनोविच. माझं ऐकून बरोबर उत्तर लिहिणारा तुमच्या पेटीत एकच निघाला, आणि तो तुम्ही. मग त्या रडल्या. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

बाईंनी तालुक्याला खुलासा लिहिला. उत्तर आलं, फुली जिथे आहे तिथे मोजा. तेव्हा गावात विरोधी पक्ष म्हणून अकरा म्हातारी माणसं नोंदली गेली आहेत. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. येवदोकिया तर खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की देश मी केला.

आणि मला काल सभागृहात सगळ्यांसमोर उभं करून बक्षीस दिलं. घटनेचं पुस्तक, आत ‘आदर्श मतदारास’ असं लिहून गोल शिक्का, आणि दोन संत्री. टाळ्या वाजल्या. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. एक संत्रं भीतीने तिथेच खाल्लं. दुसरं साव्वाबरोबर अनेताला पाठवतोय.

घटना सगळीकडे मंजूर झाली. देश पक्का झाला आणि त्यात माझं मत आहे. आता लग्नाचं काय, देवालाच ठाऊक. अशा भावावर लोभ ठेवता आला तर ठेव.

तुझा,
त्रिफान


नवं लुंका
९ जानेवारी १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

संत्रं पोचलं, पण अर्धंच. साव्वा म्हणतो बाकीचं पुलावर तपासणीत गेलं. त्याच्या मिशीला वास येत होता.

दादा, परवा सात तारखेला आपल्या नाताळच्या जेवणाला तुझं पत्र वाचलं आणि कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारमाल्यांच्या भांड्यात पाहोमची आई हसता हसता चमचा विसरली. सगळ्या गावात खऱ्या मनाने ‘नाही’ म्हणणारा तू एकटा, आणि फिरत्या पेटीत ‘हो’ म्हणणाराही तू एकटा! देश काढावा तर माझ्या भावाने. आता स्वतः काढलेला देश तुला पुलावरून सोडणार नाही असं होईलच कसं? चौकीवर जाऊन आधीच विचारून ये. घरात बसून घाबरण्यापेक्षा चौकीवर जाऊन घाबर.

अनेताने गुडघ्याखाली घालायची चटई विणायला घेतली आहे. मी म्हटलं, आजोबा आले नाहीत तर? तर म्हणाली, मग उसवीन. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, तुझ्यावरच गेलाय, फक्त भीती काढून.

घरच्या सर्वांचा नमस्कार. लोभ कमी व्हायला तू अजून बऱ्याच चुका करायला हव्यास.

तुझी,
दोमनिका


जुनं लुंका
२१ जानेवारी १९९६

चि. दोमनिका हिस,
आशीर्वाद. वि. वि.

चौकीवर जाऊन आलो. पहाऱ्यावर गेना होता, आपल्या लोहाराचा थोरला. आता अंगावर गणवेश आहे, त्यामुळे मान वळत नाही. मी लग्नपत्रिका दाखवली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली. म्हणाला, काका, हे परदेशी अक्षर आहे, आणि हा रानोम कोण? मी म्हणालो, तो रानोम नाही, पाहोम. तो म्हणाला, म्हणजे नावही खोटं! मग लाल पासपोर्ट दाखवला. म्हणाला, हा देश आता नाही. मला गोल शिक्क्याचा, आपल्या देशाचा कागद पाहिजे.

मी रडकुंडीला आलो आणि घटनेचं पुस्तक काढलं. त्याने आतला शिक्का पाहिला आणि टाचा जुळवल्या. मग आतलं एक पान उघडून बोट ठेवून वाचलं की नागरिकाला येण्याजाण्याचं स्वातंत्र्य आहे. म्हणाला, काका, असं लिहिलंय तर माझं काय चालतं? पण पलीकडच्या चौकीवर हे चुकूनही काढू नका. हे बघून ते तुम्हाला माघारी पाठवतील. तिथे पत्रिका दाखवा, ती त्यांच्या अक्षरात आहे.

तेव्हा मेंढीच्या कातड्याच्या कोटाच्या डाव्या खिशात घटना, उजव्यात पत्रिका. डावा काठ, डावा खिसा. उजवा काठ, उजवा खिसा. दिवसातून वीस वेळा घोकतोय.

क्षमेचं बोलणं मी त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, दुसरा कागद घरात नव्हता. तिसरी ओळ आठवली नाही. जागा मोकळी सोडली आहे. उत्तर यायला वेळ नाही, म्हणून तू चुलीमागे उभी राहा.

मी आलो नाही तर मला पुलावर शोधा. लोभ असावा, आणि चटई उसवू नये.

तुझा,
त्रिफान


नवं लुंका
३ फेब्रुवारी १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर रिकामं वाटतंय. उरलेल्या पनीरभरल्या प्लाचिंता कोंबड्यांनीही खाऊन संपवल्या.

दादा, तू आलास, मधे उभा राहिलास, दोघं चटईवर गुडघे टेकून बसली, आणि तू खिशातून ते पुस्तक काढलंस. त्यावर विळाहातोड्याचं चित्र! पाद्रींनी तीन वेळा छातीवर क्रूसाची खूण केली. पाहोमचा काका अजून सगळ्यांना विचारतोय की हे लग्न कुठल्या देशाच्या कायद्याने झालं. पण तू वाचायला लागलास आणि सगळे रडले. निकानोर मामासुद्धा रडले, आणि या वेळी भिजले ते स्वतःच.

मला एकच विचारायचंय. चाळीस लग्नांत तू तिसरी ओळ विसरलास. या वेळी मी चुलीमागे तोंड उघडून तयार उभी, आणि तू मला न विचारता ती घडाघडा वाचलीस! तोंड उघडं ठेवून मी तशीच उभी राहिले, धुराने खोकला आला. कुणी सांगितली तुला? आणि पुलाबद्दल विचारलं की तू ‘छान, छान’ म्हणून पेला का उचलत होतास? खरं लिही. लोभ आहे, पण उत्तर आल्याशिवाय वाढणार नाही.

तुझी,
दोमनिका


जुनं लुंका
९ फेब्रुवारी १९९६

चि. दोमनिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून आता लिहितो.

गेनाच्या चौकीवर डावा खिसा, सगळं नीट झालं. पूल मी चालत ओलांडला. मधोमध अजून रेलिंगला ती भोकं आहेत. ती बघत बघत चाललो आणि मनात घोकायचं राहून गेलं. तुमच्या चौकीवर पोचलो तर मी तुमच्याकडे तोंड करून उभा, शिपाई माझ्याकडे तोंड करून उभा. त्याने हात पुढे केला. माझ्या डोक्यात आलं, त्याचा उजवा की माझा उजवा? आणि मी त्याच्या हातात घटना ठेवली.

तिशीचा माणूस, मोठ्या मिशा. त्याने मुखपृष्ठ पाहिलं आणि मिशा खाली गेल्या. म्हणाला, आजोबा, हे काय दाखवताय मला? मी म्हणालो, लग्नाला चाललोय. तो म्हणाला, हे घेऊन? मी म्हणालो, मागचं पान बघा. दुसरं काही सुचलंच नाही. त्याने मागचं पान उघडलं. आमचीच जुनी अक्षरं, पण त्याच्या वयाचे सगळे त्याच अक्षरांत शिकलेत. तो वाचायला लागला, आधी मनात, मग ओठांनी. ‘आई, तुझ्या उंबऱ्यावर चिखल आणला, क्षमा कर. शेजाऱ्या, तुझ्या कुंपणावरून आत आलो, क्षमा कर.’ आणि थांबला. म्हणाला, तिसरी ओळ कुठे आहे?

मी म्हणालो, आठवत नाही, बहीण सांगणार आहे. तो म्हणाला, आजोबा, लग्नात एवढी ओळ विसरतात का? माझ्या लग्नात माझ्या काकांनी म्हटली होती. त्याने छातीच्या खिशातलं पेन काढलं आणि पुस्तक गुडघ्यावर ठेवून मोकळ्या जागेत लिहून दिलं: ‘जे कळून केलं त्याची क्षमा कर, आणि जे न कळता करून बसलो, त्याचीही.’

दोमनिका, मी तिथेच उभ्या उभ्या रडलो. तो समजला लग्नाचं रडतोय. मागे वळून त्याने आरोळी दिली की या आजोबांना वाट द्या, नवरी गुडघ्यांवर बसून राहिली असेल. पत्रिका खिशातच राहिली.

परत येताना गेनाने पुस्तक पुन्हा तपासलं. मागचं पान बघून ओरडला, काका, घटनेत दुरुस्ती कुणी केली? यासाठी पुन्हा गावाचं मत घ्यावं लागतं! मी म्हणालो, दुरुस्ती नाही रे, क्षमा मागितली आहे, वाच. त्याने वाचलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, हे मात्र कुणी खोडणार नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत येवदोकियाकडे गेलो आणि तिला खरं सांगून टाकलं की तुझं मत ‘नाही’मध्ये मोजलं आणि तो दोष माझा. तिने पुस्तक मागून घेतलं, तिसरी ओळ तीन वेळा वाचायला लावली आणि मला काठीने एक मारली. मग पेला भरला.

पेन्सिल पुसट होत चालली आहे, तुमच्या काठचं पेन मात्र पक्कं आहे. म्हणून पुस्तक मी कापडात गुंडाळून ठेवलंय. पाहोम आणि अनेताला मूल झालं की बारशाला तेच घेऊन येईन, पत्रिका पाठवायची गरज नाही. आता सांग, उत्तर मिळालं, लोभ वाढला का?

तुझा,
त्रिफान